कमी विषारी, कशापेक्षा?

११ ऑगस्ट, सोमवार

एका शब्दावरून तीन दिवस घरात अबोला आहे. म्हणजे प्रियूचा, मी बोलतेच आहे.

ग्रामपंचायतीला द्यायच्या अर्जाचं मराठी करून दे, असं तिनंच सांगितलं होतं. तेहतीस वर्षं बीडच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, दोन्ही भाषांशी बरी ओळख आहे, म्हणून बसले. तिच्या कागदात होतं की आम्ही उपग्रहांसाठी कमी विषारी इंधन तयार करतो आहोत, त्याच्या चाचण्या पाली शिवारातल्या आमच्याच जमिनीत घ्यायच्या आहेत, तरी ना-हरकत मिळावी. मी 'कमी विषारी'च्या जागी 'निर्धोक' लिहिलं. ऐकायला बरं, गावाला बरं. तिनं पेन घेतलं आणि सरळ काट मारली.

"आत्या, निर्धोक लिहिलंस तर मी सही करणार नाही. अंगावर पडलं तर भाजतं. तापत गेलं तर टाकी फुटते. नुसता वारा लागून माणूस आयुष्यातून उठत नाही, आणि जमिनीवर सांडलं तर शेवटी त्याचं पाणी होतं, एवढंच त्यात चांगलं आहे. तेवढंच लिही."

मी म्हटलं, अर्ज म्हणजे काय पापाची कबुली आहे का. जालन्याच्या आमच्या कॉन्व्हेंटमध्ये त्यासाठी शनिवारी वेगळी खोली होती. ख्रिश्चन मुली एकेक करून आत जायच्या आणि दोन मिनिटांत बाहेर यायच्या. आम्ही बाकीच्या बाहेर बाकावर बसून विचार करायचो, एवढ्यात काय सांगून होत असेल.

प्रियू माझ्या धाकट्या भावाची मुलगी. प्रियदर्शनी हे नाव मीच ठेवलं. हैदराबादला नोकरीत होती. तिथं उपग्रहांत हायड्राझिन भरायचे, आणि भरताना अंगभर रबराचा पोशाख, पाठीवर हवेची नळी, दाराशी रुग्णवाहिका. एक दिवस तिच्या शेजारी काम करणाऱ्या माणसाच्या हातमोज्याला टाचणीएवढं भोक निघालं. पुढचं ती सांगत नाही. नोकरी सोडून दोन मैत्रिणींबरोबर स्वतःची कंपनी काढली. त्या दोघी पुण्यात संगणकापुढे, ही इथं.

हिचं इंधन म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड. दवाखान्यात जखम धुतात तेच, पण तिथं त्यात बहुतेक पाणी असतं. हे जवळजवळ निव्वळ. चांदीच्या जाळीतून सोडलं की त्याची कढत वाफ होते आणि त्या जोरावर उपग्रह वळतो. इंजिन माझ्या मुठीएवढं. त्या मुठीपायी बाबांनी पोस्टाच्या पगारातून घेतलेल्या दोन एकरांत पत्र्याचं शेड, सिमेंटचा ओटा आणि पाच हजार लिटरची पाण्याची टाकी उभी राहिली. मी बीडचं घर बंद करून शेतातल्या दोन खोल्यांत आले, कारण ही पोरगी सकाळी चहा विसरते आणि दुपारी जेवण. दुसरं काही कारण नाही.

शेवटी 'कमी विषारी' असंच लिहिलं. माझ्या अक्षरात ते फारच ठसठशीत दिसतं.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदनानंतर शाळेच्या व्हरांड्यात ग्रामसभा झाली. अर्ज उपसरपंचानं वाचला. उपसरपंच म्हणजे बिभीषण, माझा विद्यार्थी, दहावीला इंग्रजीत दोनदा बसलेला. 'विषारी'पाशी थांबला, चष्मा काढून पुसला आणि मला विचारलं.

"बाई, कमी विषारी म्हंजे कशापेक्षा कमी?"

मी म्हटलं, अर्थ उघड आहे.

"उघड न्हाई. तुमीच शिकवलतं, दॅन आल्याबिगर तुलना पुरी होत न्हाई. टॉलर लिवलं, तर कुणापेक्षा टॉलर? माझे त्याच्यात दोन मार्क गेलते."

सभा हसली. वर्गात या मुलाला दॅनचं स्पेलिंग यायचं नाही.

मी हायड्राझिनबद्दल सांगू लागले, तर ते इथं कुणी पाहिलेलं नाही. न पाहिलेल्या विषापेक्षा कमी म्हणजे किती कमी, असा प्रश्न आला, आणि खरं सांगायचं तर तो गैर नव्हता. मग बायकांच्या बाजूनं पारूबाई उठली. तिचा नवरा कारभारी आमच्याकडेच कामाला आहे, म्हणून वाटलं आपल्या बाजूनं बोलेल. ती म्हणाली, फवारणीच्या डब्यावर तिकोन असतो. लाल म्हणजे लई जहरी, हिरवा म्हणजे सगळ्यात कमी. पण हिरव्या तिकोनाचं फवारून आले तरी ह्यांचे डोळे दोन दिवस उघडत नाहीत.

"तर तुमचं औषध कोणत्या तिकोनाचं हाय, तेवढं सांगा."

आता इथं कुणाही शहाण्या माणसानं म्हटलं असतं की हे फवारणीचं औषधच नव्हे. प्रियू उभी राहिली, थोडा विचार केला आणि म्हणाली, "हिरव्या म्हणता येईल."

संपलं. अर्ज पुढच्या सभेवर, म्हणजे दोन ऑक्टोबरवर गेला. घरी येताना मी तिला म्हटलं, इतकं खरं बोलायची सवय तुला कुणी लावली. ती म्हणाली, "तूच." मी कधी लावली, मला आठवत नाही.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

शेडात तीन पाट्या लागल्या आहेत. तिन्हींवर एकच मजकूर: हात लावू नये. मला शाळकरी पोरीसारखं वागवलं जातं. धूळ, गंज, तेल, माती, काहीही चिमटीभर आत गेलं तरी इंधन आपणहून तापत जातं म्हणे. टाक्या पुण्याहून आम्लात धुऊन येतात आणि लगेच प्लास्टिकात गुंडाळतात.

कारभारीला मात्र मुक्तद्वार. पाली आणि आसपासच्या विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करण्यात त्याची हयात गेली. प्रियू त्याला 'कारभारीमामा' म्हणते आणि दोघं तासन्‌तास एका पान्याबद्दल बोलतात. मी चहा नेऊन ठेवते. तो गार होतो.

चांदीची जाळी लागते म्हणून मी आईचे वाळे काढून दिले. प्रियूनं हातात घेतले, उलटेसुलटे पाहिले आणि परत दिले. त्यात तांबं आहे, चालणार नाही. माझ्या आईच्या वाळ्यांत खोट काढणारी ही पहिलीच.

आणि एवढं सोवळं पाळून त्या टाक्या दिसतात कशा? दुधाच्या कॅनएवढ्या, आकारही तसाच, पण रंग मेलेला, राखाडी, वर ओघळ. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर फिलोमिनांनी दाराबाहेर ठेवल्या असत्या. त्या मंगळूरच्या, मराठी त्यांच्याच तऱ्हेचं. शनिवारी चॅपलच्या पितळी समया घासायला आम्हा चौदा जणींना बसवायच्या. राख, चिंच आणि नारळाची शेंडी. पाठीमागून येऊन म्हणायच्या, "तोंड दिसलं पाहिजे, माया." माझ्या समईत दिसायचंच. सगळ्यात चकचकीत समईला निळी फीत मिळायची, ती चार वर्षं मला मिळाली. वसतिगृहात आले तेव्हा पहिले काही महिने जेवणाच्या पंगतीत माझ्या शेजारची जागा रिकामी राहायची. आडनाव विचारून झालं होतं सगळ्यांचं. फीत मिळाल्यानंतर ती जागा हळूहळू भरली. आपलं काम चकाकलं की माणसं जवळ येऊन बसतात, हे मी तिथं शिकले आणि पुढं जन्मभर खरं ठरलं.

हे प्रियूला सांगायला गेले. ती मीटर वाचत होती.

२४ सप्टेंबर, बुधवार

पावसानं वैताग आणला आहे. बिंदुसरा दुथडी, धरण सांडव्यावरून चाललंय, गावाचं सोयाबीन पाण्यात उभं. अशा दिवसांत लोकांना आमच्या मुठीएवढ्या इंजिनाचं कौतुक कुठून असणार? चाचण्या बंद आहेत. प्रियू खिडकीत बसून पावसाकडे अशी पाहते जणू त्यानं अर्ज फेटाळला आहे.

आज पुण्याच्या मैत्रिणींचा फोन आला. हैदराबादजवळ एक तयार चाचणी-केंद्र भाड्यानं मिळतंय. दिवाळीपर्यंत ग्रामपंचायतीची ना-हरकत मिळाली नाही तर सगळं सामान उचलून तिकडे न्यायचं, असं तिघींनी ठरवलं. तिनं मला हे भाजी निवडता निवडता सांगितलं.

जावं. मला काय, बीडला घर आहे, खिडक्या उघडल्या की झालं. इथल्या ओलीनं माझे गुडघे धरलेतच.

तिच्या चहाच्या कपाचा कान कालच तुटला. नवा आणायचा की नाही, एवढंच ठरेना.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन. सकाळी पांढरी साडी नेसून बीडच्या विहारात गेले, वंदना केली, खीर घेतली आणि दुपारी परत आले, तर ओट्यावरच्या लोखंडी चौकटीला झेंडूचा हार. चौकटीला हळदकुंकू, पान्यांना हळदकुंकू, पुढं लिंबू कापलेलं. कारभारीनं हत्यारांची पूजा केली होती.

चिमटीभर धूळ चालत नाही आणि इथं मूठभर कुंकू. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बोलले नाही. माझ्या तोंडून 'पूजा नको' गेलं असतं तर ते रसायनाबद्दल होतं, हे गावात कुणी मानलं नसतं. साठ वर्षांत एवढं कळतं. फक्त विचारलं, टाक्यांना लावलंस का.

"टाक्यास्नी न्हाई लावलं, बाई. ताईनं सांगितलंय. शेडात गेलतोच न्हाई."

मान हलवली. पूर्ण विश्वास काही बसला नाही.

ग्रामसभा भरलीच नाही. सणाचे दिवस, माणसं जमली नाहीत. बिभीषणानं निरोप दिला, शनिवारी पंच येऊन चाचणी बघतील, मग बारा तारखेला खास सभा. म्हणजे शनिवारवर सगळं.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

फार दिवसांनी आज हाताला काम लागल्यासारखं वाटलं.

प्रियू एक सुटा भाग आणायला पुण्याला गेली आहे, उद्या सकाळच्या एसटीनं येईल. कारभारीनं हार, कुंकू काढून ओटा धुतला आणि तो घरी गेला. मी शेडात सहज डोकावले. उद्या जी भरायची ती छोटी टाकी प्लास्टिकातून दिसत होती. तीच राखाडी कळा, तेच ओघळ. उद्या पंधरा माणसं येऊन हिच्याकडे बघणार, पारूबाई बघणार. कुणाच्याही घरातली दुधाची कॅन याहून बरी असते.

पाटीचं आठवलं. पण पाटी भरलेल्या टाकीबद्दल आहे, ही तर रिकामी. आणि माझ्याइतकं स्वच्छ काम इथं कोण करतं?

बंबातली राख चाळून घेतली, अगदी वस्त्रगाळ. नारळाची शेंडी घेतली. झाकण उघडून हात आत घातला तो खांद्यापर्यंत गेला. तासभर घासलं, आतून बाहेरून. मग सात पाण्यांनी धुतली, धुवट कापडानं पुसली, उन्हात वाळवली. झाकण लावलं आणि प्लास्टिक होतं तसं, त्याच घड्यांवर बांधलं. दोऱ्याची गाठसुद्धा तशीच.

तोंड दिसलं. नाक जरा मोठं दिसलं, पण दिसलं.

प्रियू काही बोलणार नाही. पण लक्षात येईल तिच्या.

४ ऑक्टोबर, शनिवार

क्रमानं लिहिते.

एसटी वाटेत बंद पडली, प्रियू अकराला पोचली. पंच, बायका, बरीच मंडळी केव्हाची येऊन बसलेली. तिनं पाणीही न पिता पोशाख चढवला. टाकीचं झाकण उघडत नाहीत. वरच्या तोटीला नळी जोडून भरतात. प्लास्टिक काढल्यावर ती एक क्षण थांबली, टाकीकडे पाहिलं. मी हसून मान हलवली. बिभीषणानं घड्याळ दाखवलं. तिनं नळी जोडली.

वीस मिनिटांनी ती मीटरपाशी गेली आणि पळतच बाहेर आली. सगळ्यांना रस्त्यापलीकडच्या चिंचेखाली जायला सांगितलं, कारभारीला पाणी सोडायला सांगितलं. तेवढ्यात टाकीनं शिट्टी घेतली. झाकणावरची झडप उडाली आणि पांढऱ्या वाफेचा खांब चिंचेच्या शेंड्याइतका वर गेला. जो तो वाट फुटेल तिकडे पळाला. बिभीषण थेट धरणाच्या भिंतीवर दिसला. वाफेतून एक टिटवी ओरडत गेली, तिला काही झालं नाही, हे मला का आठवतंय कोण जाणे.

अर्धा तास पाण्याचा लोट टाकीवर पडत राहिला तेव्हा ती निवली. माणसाला इजा नाही, फक्त कारभारीच्या मनगटावर रुपयाएवढा पांढरा डाग. पाणी गेलं तिथलं गवत विटलं.

मागं अकरा चपला राहिल्या. त्यांत जोड फक्त दोन.

५ ऑक्टोबर, रविवार

कुंकूच. दुसरं काय असणार? मला दसऱ्यालाच वाटलं होतं.

सकाळी चपला न्यायला बिभीषणानं माणूस पाठवला आणि स्वतः फोन केला, काय बिघडलं विचारायला. मी सांगून टाकलं की दसऱ्याला कारभारीनं पूजा केली, त्यातलं कुंकू उडून टाकीत गेलं असणार. तो म्हणाला, "बाई, चिमटीभर कुंकवानं जे उकळतं, त्याला कुंकू लावणाऱ्या गावात जागा द्यायची कशी?"

मी फोन ठेवला आणि त्याच्या माणसाला चपला पोत्यात भरून दिल्या.

कारभारी आज आला नाही. दुपारी पारूबाई त्याचा डबा न्यायला आली. बसायला सांगितलं, बसली नाही. म्हणाली, ते कालपासून जेवलेले नाहीत. म्हणतात, शेडात गेलतो न्हाई, पर वाऱ्याचं काय सांगावं, उडालं असंल माझ्याच हातचं.

मी म्हटलं, होतं असं, जाऊ दे. मोठ्या मनानं म्हटलं.

प्रियू सगळा दिवस शेडात आहे. पूजेवरून रागावली असेल. मी तरी काय करणार होते?

८ ऑक्टोबर, बुधवार

प्रियूनं टाकी उघडली. आत विजेरी धरून कितीतरी वेळ बघत होती. मग तळाशी बोट फिरवून बोट पाहिलं. बाहेर येऊन मला म्हणाली, सात बशा दे.

बशा ओळीनं ओट्यावर मांडल्या. एकीत हळद, एकीत कुंकू, एकीत झेंडूची पाकळी, एकीत शेतातली माती, एकीत गंज, एकीत लिंबाचा रस. सातवीत काय घालणार म्हणून मी बघत होते. ती मोरीत गेली आणि बंबातली राख घेऊन आली.

प्रत्येक बशीत पातळ केलेल्या पेरॉक्साइडचे थेंब टाकले. हळदीचा रंग जरा उतरला. कुंकू थोडं फसफसलं आणि थांबलं. पाकळी पांढरी पडत गेली. माती, गंज बुडबुडले. राख थेंब पडताक्षणी उतू गेली, बशीच्या काठावरून ओट्यावर आली, आणि बशी इतकी तापली की प्रियूनं ती फडक्यानं उचलली.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "आत्या, चहा करतेस?"

चहा केला. साखर घालायची राहिली. तिनं तसाच प्याला.

मग मी तिचा अहवाल पाहिला. टेबलावर उघडाच होता. 'कारण: भरण्यापूर्वी टाकी आतून तपासली नाही. टाकीचा वरचा थर खरवडला गेला होता. जबाबदार: प्रियदर्शनी.' तो राखाडी रंग मळ नव्हताच. आम्लानं मुद्दाम आणलेली साय होती ती, धातू आणि इंधन यांच्यामधली. मी ती तासभर बसून काढली, आणि राख चिकटवून ठेवली.

खरवडला गेला होता. कुणी खरवडला, ते लिहिलेलंच नाही. व्याकरणात याला कर्मणी म्हणतात. मी मुलांना सांगायचे, कर्त्याला लपवायचं असेल तेव्हा हे वापरा.

९ ऑक्टोबर, गुरुवार

लिहिण्यासारखं काही नाही.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

रविवारी सभा. प्रियूनं खोकी आणून ठेवली आहेत. म्हणते, सभा काय म्हणेल हे माहीत आहे, भरायला सुरुवात केलेली बरी.

मी सांगितलं तर काय होईल? लोक म्हणतील, ज्या घरातली म्हातारीच असलं करते तिथं हे इंधन ठेवायचं कसं? बरोबरच म्हणतील. ना-हरकत जाईल, पोरगी जाईल. नाही सांगितलं तर ती स्वतःवर घेईल, तरीही जाईल. कुंकवाचं तसंच राहू दिलं तर निदान कंपनीचं नाव राहील. कारभारीचं काय, तो चार दिवसांत येईल परत.

हे लिहून वर वाचलं. माझंच अक्षर आहे.

१२ ऑक्टोबर, रविवार

सभेला एवढी माणसं कधी पाहिली नव्हती. बिभीषणानं प्रियूला विचारलं, काय झालं ते सांगा. तिनं अहवाल वाचला, चूक स्वतःची म्हणाली, खाली बसली. लोकांचं समाधान झालं नाही. मागून कुणी तरी कुंकवाचं काढलं. त्यावर कारभारी उठला. टोपी हातात घेऊन म्हणाला, ताईची चूक न्हाई, माझ्या हातचं उडालं असंल, दंड लावा, पर पोरीचं काम बंद करू नका.

तेव्हा मी उभी राहिले. बोलायचं बरंच ठरवलं होतं, टाकीबद्दल, थराबद्दल. त्यातलं काही आलं नाही.

"टाकी मी घासली होती," मी म्हटलं. "राखेनं. कारभारीचा काही संबंध नाही. बिभीषणला कुंकवाचं मीच सांगितलं, तेही खोटं."

बिभीषण माझ्याकडे बघत राहिला. पारूबाईनं बसल्या जागेवरून विचारलं, "कावून घासली, बाई?"

"तोंड दिसावं म्हणून. तुम्ही सगळे येणार होता."

आधी एक बाई हसली, पदर तोंडाला लावून. मग दुसरी. मग बायकांची अख्खी बाजू हसली, आणि त्यात टवाळी होती का तर होतीच. एकजण म्हणाली, माझी सासू असती तर तिनंबी हेच केलं असतं, वर शेणकाला फिरवला असता. पुरुषांना हसावं की रागवावं कळेना. बिभीषणानं टेबल वाजवलं.

मग त्यानं प्रियूला एकच गोष्ट विचारली. शनिवारी टाकीत हे नसतं, ते हैदराबादचं औषध असतं, तर चिंचेखाली काय झालं असतं? प्रियूनं त्या हातमोज्याची गोष्ट सांगितली. टाचणीएवढ्या भोकाची. पुढचीही. मी ती पहिल्यांदा ऐकली. शेवटी म्हणाली, "चिंचेखालचे आपण चपला न्यायला परत आलो नसतो."

बिभीषणानं कागद ओढला आणि ठराव मोठ्यानं बोलत लिहू लागला. "सदर इंधन हायड्राझिनपेक्षा कमी विषारी असून..." इथं थांबून त्यानं मान वर केली. "आलं का दॅन, बाई?"

मी म्हटलं, आलं. तुझे दोन मार्क परत.

ना-हरकत एक वर्षाची मिळाली. अटी: चाचणीआधी भोंगा वाजवावा, गावातल्या दोघांनी हजर राहावं, आणि तिसरी पारूबाईनं घालायला लावली, 'शेडात भांडी घासण्यास मनाई राहील.' बिभीषण त्यात माझं नाव घालत होता. पारूबाईच म्हणाली, नाव कशाला, समजलं समद्यांना.

चार-पाच हात विरोधात वर गेले. ते मी बघितले. त्यांचंही काही चुकीचं नव्हतं.

मी तोवर उभीच होते. पारूबाई सरकली. शेजारी एका माणसाची जागा झाली. मी जाऊन बसले. हाताला अजून राखेचाच वास येत होता, निदान मला येत होता. तिनं माझा पदर सावरून आत घेतला, कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून.

१५ ऑक्टोबर, बुधवार

कारभारी आला. मनगटावरचा डाग गेला आहे. त्यानं चौथी पाटी रंगवून आणली: हिरवा तिकोन, आणि खाली 'राख आत नेऊ नये'. प्रियूनं ती हसत हसत लावली, आणि लावली ती नेमकी माझ्या उंचीला.

मी त्याची माफी मागितली. त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि विचारलं, बंबातली राख फुकट जात आसंल तर भाजीच्या वाफ्याला द्याल का. दिली. पोतंभर निघाली.

खोकी रिकामी करून माळ्यावर टाकली. वर्षभर आता हिचे गार चहा, हिचे मीटर, हिचं खरं बोलणं. माझ्या गुडघ्यांचा विचार कुणी केला नाही.

पुण्याहून दुसरी टाकी आली. दारातूनच बघितली, उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. राखाडी, ओघळलेली, हुबेहूब पहिलीसारखी. तोंड काही दिसलं नाही. फार वेळ उभी होते, म्हणून प्रियूनं आतून विचारलं, काय बघतेस? मी म्हटलं, काही नाही, बीडला जाते आहे, तुला कप आणायचाय.